बसऱ्याहून आलेलं रिव्हॉल्व्हर

२०१९च्या डिसेंबरात शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली आणि एका परवान्यावर तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतील असं ठरलं. वडिलोपार्जित हत्यारांनाही त्यातून सूट नव्हती. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, लायसनवर बरोबर तीन होती. शेतावर रानडुकरं हाकायला घेतलेली बारा बोअरची दुनळी, आजोबांनी हौसेनं घेतलेलं .३२चं विलायती वेब्ली रिव्हॉल्व्हर, आणि पणजोबांनी पहिल्या महायुद्धातून आणलेलं .४५५चं वेब्ली मार्क सिक्स. तिसरं कुठलं काढायचं ते ठरवायला कायद्यानं वर्षभर दिलं होतं.

दुनळीचा प्रश्न नव्हता, तिची गरज होती. राहिली दोन रिव्हॉल्व्हर. ज्यांना या बाजाराची माहिती आहे त्यांना उत्तर लगेच सुचेल. खाजगी माणसाला परदेशी हत्यार आयात करण्याची वाट ऐंशीच्या दशकात जवळजवळ बंद झाली. तेव्हापासून देशात आधीच असलेल्या विलायती .३२ रिव्हॉल्व्हरांचे भाव चढतच गेले, आणि बऱ्या अवस्थेतल्या नगाला आज काही लाख रुपये सहज मिळतात. .४५५ची गोष्ट उलटी. तो बंदी असलेला बोअर, म्हणजे नळीचं माप. साधा परवाना असलेल्या माणसाला तो घेताच येत नाही आणि केंद्र सरकारचा खास परवाना हाती घेऊन जुनं रिव्हॉल्व्हर शोधत फिरणारा कुणी दुकानात येत नाही. ज्यांच्याकडे आमची हत्यारं पिढ्यान्‌पिढ्या तपासायला जातात त्या बंदूकवाल्या काकांनी अण्णांना स्पष्टच सांगितलं, "साहेब, बत्तीसला माझ्याकडे गिऱ्हाईक थांबलंय. ह्या चारशे पंचावन्नला कुत्रं विचारणार नाही."

अण्णांनी बत्तीस विकलं.

तेव्हा मला तो निर्णय भावनेचा वाटला होता. नंतर लायसन माझ्या नावावर आलं, मार्क सिक्स हातात घेऊन वाचायला, तपासायला, पुसायला लागले, आणि मत बदललं. अण्णांनी घरातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू ठेवली होती. ती महत्त्वाची का, हे समजायला मात्र तिच्या मापापासून सुरुवात करावी लागते.

बर्मिंगहॅमच्या वेब्ली कंपनीचं पहिलं सरकारी रिव्हॉल्व्हर, मार्क वन, ब्रिटिश सैन्यानं १८८७ साली स्वीकारलं. त्यानंतर थोडेथोडे बदल होत मार्क फाइव्हपर्यंत मजल गेली, आणि २४ मे १९१५ रोजी, महायुद्ध ऐन भरात असताना, मार्क सिक्स मंजूर झालं. सहा इंचांची नळी, चौकोनी मूठ, वजन किलोपेक्षा थोडं जास्त, सहा काडतुसं. युद्धाच्या काळात अशी तीन लाखांच्या आसपास रिव्हॉल्व्हर तयार झाली. म्हणजे संख्येच्या हिशेबानं ही दुर्मीळ वस्तू नव्हे. आमच्या नगावर १९१६ हे साल ठोकलेलं आहे, आणि त्याशेजारी तो सरकारी मालाचा बाण, ब्रिटिश लष्कराच्या प्रत्येक वस्तूवर असायचा तोच.

हे रिव्हॉल्व्हर मधून मोडतं. काडतुसावर आपटणाऱ्या घोड्याच्या शेजारी, डाव्या अंगाला एक खटका आहे. तो अंगठ्यानं दाबला की वरच्या बाजूची कडी सुटते आणि नळी काडतुसांच्या सिलिंडरसकट खाली कलते. कलताना सिलिंडरच्या मधोमध असलेली एक चांदणीच्या आकाराची चकती आपोआप वर येते. काडतुसं असती तर त्यांच्या कडेखाली अडकून तिनं सहाच्या सहा रिकामी कवचं एकदम बाहेर फेकली असती. नळी पुरती खाली गेली की चांदणी टक्‌कन परत आपल्या जागी बसते. घोड्यावर बसलेल्या, एका हातात लगाम असलेल्या किंवा चिखलात पालथ्या पडलेल्या माणसाला पटकन रिकामं करून पटकन भरता यावं म्हणून हा सगळा खटाटोप. सिलिंडरच्या पुढे, फ्रेमच्या दोन्ही बाजूंना पाचरीसारखे दोन उंचवटे आहेत. पुष्कळांना ती नक्षी वाटते. रिव्हॉल्व्हर चामड्याच्या म्यानात घालताना सिलिंडरची कड अडकू नये यासाठी ते आहेत. मुठीच्या तळाशी दोरीची कडी आहे, म्हणजे हातातून निसटलं तरी गळ्यात लटकत राहावं. यात शोभेसाठी केलेलं काहीच मला सापडलेलं नाही. चोख कामाचं म्हणून जे सौंदर्य असतं ते यात आहे आणि ते नाकारण्यात मला प्रामाणिकपणा वाटत नाही.

पण माप. .४५५ इंच म्हणजे साधारण साडेअकरा मिलिमीटर. त्यातून सुटणारी शिशाची गोळी सतराएक ग्रॅमची, वेगानं मंद, सेकंदाला दोनशे मीटरच्या आतली. जड आणि मंद. एवढी मोठी गोळी का लागली? हाडामांसाचा माणूस तर सगळीकडे तोच आणि तेवढाच.

याचं उत्तर ब्रिटिशांच्या वसाहतींच्या लढायांत आहे, आणि ते त्यांनी लपवलेलंही नाही. सरहद्दीवर, सुदानात, आफ्रिकेत अंगावर चालून येणारा माणूस लहान गोळीनं थांबत नाही, अशी त्यांच्या अधिकाऱ्यांची तक्रार होती. १८९८ साली याच .४५५साठी पोकळ तोंडाची, शरीरात शिरल्यावर पसरणारी गोळी काढली, तिला अनधिकृत नावच पडलं 'मॅनस्टॉपर'. रायफलीसाठी तशीच गोळी कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात होत होती आणि त्या गावाचं नाव जगभर बदनाम झालं ते तेव्हापासून. १८९९ साली हेगच्या परिषदेत पसरणाऱ्या गोळ्यांवर बंदीचा ठराव आला, तेव्हा ब्रिटनचे प्रतिनिधी सर जॉन आर्डा यांनी विरोध केला. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा होता की, सुधारलेल्या देशाचा सैनिक जखमी झाला की थांबतो, रानटी माणूस मात्र जखमी झाला तरी चालूनच येतो, म्हणून त्याच्यासाठी वेगळी गोळी हवी. शेवटी मॅनस्टॉपर मागे घेतली गेली. मोठं माप मात्र राहिलं.

आमच्यासारख्यांना डोळ्यांसमोर ठेवून हे माप ठरलं. हे कळल्यापासून मी मार्क सिक्सची नळी पुसते तेव्हा ही गोष्ट मनातून जात नाही, आणि जाऊ नये असंच मला वाटतं. जुन्या हत्यारांचे शौकीन यंत्राबद्दल भरभरून बोलतात, पोलादाबद्दल, पॉलिशबद्दल, स्प्रिंगबद्दल. कुणाच्या छातीचा विचार करून ते बनलं याबद्दल बोलायची वेळ आली की विषय बदलतात. मला त्या गप्पा अर्धवट वाटतात.

पणजोबांची गोष्ट या मापाशी विचित्र रीतीनं येऊन भिडते. ते डॉक्टर होते, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेले. युद्धात डॉक्टरांची चणचण भासली तेव्हा इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये हिंदी डॉक्टरांना तात्पुरती कमिशनं मिळू लागली, तशी त्यांनाही मिळाली आणि ते मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, गेले. आधी बसरा, मग तैग्रिसच्या काठावरचं अमारा. तोवर कूत गावाला तुर्कांनी घातलेला वेढा होऊन गेला होता. ब्रिटिशांच्या हिंदी फौजेची पुणे डिव्हिजन तिथे अडकली, तिच्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या, आणि २९ एप्रिल १९१६ला उपासमारीनं शरणागती झाली. आमच्या भागातल्या किती घरांतले लोक त्यात गेले हे सातारा-कोल्हापूरकडच्या वाचकांना सांगायला नको. पणजोबांनी अमाऱ्यात ज्यांना औषधपाणी केलं त्यांत आमच्याच मुलखातले लोक असत, असं आजी सांगायची.

डॉक्टरला रिव्हॉल्व्हर कशाला, असा प्रश्न लहानपणी मी विचारला होता. तेव्हाच्या जिनिव्हा करारात वैद्यकीय माणसांना स्वतःच्या आणि आपल्या रुग्णांच्या बचावासाठी शस्त्र बाळगायची मुभा होती. अधिकाऱ्यानं आपलं रिव्हॉल्व्हर स्वतः मिळवायचं, फक्त त्यात सरकारी काडतूस बसलं पाहिजे, असा रिवाज होता. पणजोबांच्या खर्चाच्या वहीत बूट, मच्छरदाणी आणि पाण्याची पिशवी यांच्या खाली एक ओळ आहे: "रिव्हॉल्व्हर १, म्यान १, दोरी १." पुढे रक्कम आहे, तिच्यावर शाई सांडली आहे. ही ओळ आमच्याकडचा सगळ्यात मोलाचा कागद.

अमाऱ्यात असेतोवर अंगावर गणवेश होता, म्हणून कुणी विचारत नव्हतं. युद्ध संपलं, कमिशन संपलं, गावी परतले, आणि ज्या सरकारनं हातात हत्यार धरायला लावलं त्याच सरकारच्या कलेक्टरकडे परवान्यासाठी अर्ज करावा लागला. लॉर्ड लिटनच्या काळातला १८७८चा शस्त्र कायदा हिंदी माणसाकडून परवाना मागत होता आणि गोऱ्याला मोकळा सोडत होता. या कायद्याबद्दलचा राग काँग्रेसच्या ठरावांत वर्षानुवर्षं दिसतो. १९३०च्या जानेवारीत, मिठाच्या सत्याग्रहाच्या तोंडावर, महात्मा गांधींनी ज्या अकरा मागण्या मांडल्या त्यांतही स्वसंरक्षणासाठी हत्यारांचे परवाने मिळावेत ही एक होती. अहिंसेच्या पुजाऱ्यानं ही मागणी का केली असेल, हे ज्याला कळलं त्याला त्या कायद्याचा अपमान कळला.

आणि मोठ्या मापाचं एक रिव्हॉल्व्हर एकदा उलट्या दिशेनंही चाललं. १३ मार्च १९४०, लंडनचा कॅक्स्टन हॉल. जालियनवाला बागेच्या वेळचा पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर मायकेल ओड्वायर याला उधमसिंगांनी गोळ्या घातल्या. त्यांच्या हातात .४५५चं स्मिथ अँड वेसन होतं, ब्रिटननं पहिल्या महायुद्धात अमेरिकेकडून घेतलेल्या मालाच्या जातीचं. काडतुसं मात्र जुनी आणि लहान मापाची होती, नळीत नीट न बसणारी. त्यामुळे ओड्वायर मेला तरी बाकीचे तिघं जखमी होऊन वाचले. वाचलेल्यांत लॉर्ड लॅमिंग्टन होते, १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर. ग्रँट रोडजवळच्या ज्या रस्त्यावर आपण वायरी आणि स्पीकर आणायला जातो तो लॅमिंग्टन रोड यांच्याच नावाचा. (आता त्याचं नाव डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण टॅक्सीवाल्याला ते सांगून बघा.) उधमसिंगांचं ते रिव्हॉल्व्हर लंडनच्या पोलिसांच्या संग्रहात गेलं. माझ्या मते जगातल्या .४५५ रिव्हॉल्व्हरांत त्याच्याइतकं मोलाचं दुसरं नाही आणि त्याची किंमत काढण्याचा विचारही करवत नाही.

आता सांभाळण्याविषयी. यातलं मला बरंचसं अण्णांनी आणि थोडं बंदूकवाल्या काकांनी शिकवलं.

पहिली गोष्ट, ते हातात आलं की उघडून सहाही घरं डोळ्यांनी बघायची आणि बोटानं चाचपायची. काडतूस घरात नाही, कधी आणलेलं नाही, आणि या मापाचं मिळणंही मुश्कील, तरीसुद्धा. अण्णा ऐंशीच्या घरात आहेत, अजूनही मी उघडून दाखवल्याशिवाय ते हातात घेत नाहीत. दुसरी, सिनेमात दाखवतात तसं मनगटाला झटका देऊन ते बंद करायचं नाही. या जातीच्या रिव्हॉल्व्हरचा जीव बिजागरीत आणि वरच्या कडीत आहे. झटके बसून तिथे खेळ पडला की नळी आणि फ्रेम यांच्यात फट दिसू लागते, आणि ती फट कुठल्याही तेलानं भरत नाही. दोन्ही हातांनी, सावकाश मिटायचं. रिकाम्यावर चाप ओढत बसायचं नाही. घोडा चढवून ठेवायचं नाही, आतली व्ही आकाराची स्प्रिंग शंभर वर्षांची आहे.

खरा शत्रू पावसाळा. आमच्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंतींना ओल असते, पोलादाला ती लगेच कळते. त्यात लोक हौसेनं हत्यार मूळ चामडी म्यानात ठेवतात, कारण ते दिसतं छान. चामडं हवेतलं पाणी धरून ठेवतं, कमावताना वापरलेली द्रव्यं त्यात उरलेली असतात, आणि म्यानाचा आकार जसाच्या तसा गंजात उमटतो. म्यान वेगळ्या कपाटात, रिव्हॉल्व्हर वेगळं. आमचं सुती कापडात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर कुलुपाच्या लोखंडी पेटीत असतं. ती पेटी भिंतीत बसवलेली आहे आणि तिची किल्ली घराच्या जुडग्यात नसते. महिन्यातून एकदा पेटी उघडायची, पुड्या बदलायच्या, सगळ्या धातूवरून तेलाचा हलका हात फिरवायचा. हलका म्हणजे खरंच हलका. तेल ओतलं तर ते मुठीच्या पट्ट्यांखाली मुरतं आणि तिथे चिकट राळ बनून बसतं. शेवटी बोटांचे ठसे पुसायचे, कारण घामातल्या क्षारांनी आठवड्यात बोटाच्या रेघांसकट गंज उठतो. माझ्या हातांना घाम फार येतो, म्हणून मी पातळ सुती हातमोजे घालते. अण्णांना त्याची गरज पडत नाही, त्यांचे हात कोरडे आहेत.

काय करायचं नाही ही यादी मोठी आहे आणि तीच जास्त महत्त्वाची. पितळेची भांडी घासायचं पॉलिश लावायचं नाही. पॉलिश पेपर नाही. बफिंग तर नाहीच. नव्यानं काळं-निळं करून घ्यायचं नाही. मार्क सिक्सवर मुळात जी काळसर निळी झाक दिली होती ती आमच्या नगावर नळीच्या टोकाशी आणि सिलिंडरच्या कडांवर उडाली आहे आणि खालचं पोलाद तपकिरी-करडं दिसतं. ती म्यानात शेकडो वेळा आतबाहेर झाल्याची खूण आहे. एका कारागिरानं आम्हाला "नव्यासारखं करून देतो" म्हणून आग्रह केला होता, आणि शेजारी ठेवलेलं त्याचं काम दाखवलं होतं. आरशासारखं चकचकीत. त्यावरचे आकडे घासून अर्धे गेले होते, कडा गोल झाल्या होत्या, स्क्रूच्या खाचा फाटल्या होत्या. एका दुपारच्या मेहनतीत त्यानं शंभर वर्षं पुसून टाकली होती. अण्णांनी नमस्कार केला आणि आम्ही निघालो.

निवडणुका आल्या की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. नियम योग्य आहे, माझी त्याला हरकत नाही. पण एका निवडणुकीनंतर आमचं रिव्हॉल्व्हर परत मिळालं ते म्यानात घालून, वर गोणपाटात बांधून ठेवलेलं, आणि मध्ये परतीचा पाऊस होऊन गेलेला. नळीच्या उजव्या अंगावर नखाएवढा तांबूस डाग. पोचपावतीवर सही करताना हवालदारांनी तो बघितला, त्यांना खरंच वाईट वाटलं. काकांनी त्यावर तेल मुरू दिलं, मऊ कापडानं सुटा गंज तेवढा उचलला आणि थांबले. डाग दिसतो. तो घालवायचा तर भोवतालची मूळ झाक घालवावी लागेल. तेव्हापासून मी म्यान घरीच ठेवते, हत्यार तेलकट कापडात आणि मग जाड प्लास्टिकच्या डब्यात घालून देते, आणि ठाण्यातले लोक आता डबा बघूनच ओळखतात.

नळीच्या आतलं मात्र मला उशिरा दिसलं. आत उजेड सोडून बघितलं तर सिलिंडरकडच्या टोकाला, गोळीला फिरकी देणाऱ्या आट्यांच्या मध्ये, बारीक खड्डे आहेत, देवीच्या वणांसारखे. त्या काळच्या काडतुसांच्या टोपीत जे रसायन असे त्याचे क्षार बार झाल्यावर नळीत राहत. गरम पाण्यानं धुतले नाहीत तर ते हवेतलं पाणी ओढून पोलाद खात. म्हणजे कुणीतरी हे झाडलेलं आहे, आणि त्यानंतर वेळेवर धुतलेलं नाही. कारखान्यातल्या चाचणीचे बार कारण नसावेत, तिथे धुण्यापुसण्याची शिस्त असते. आमच्या घरात तर पिढ्यान्‌पिढ्या एकच वाक्य चालत आलं आहे की पणजोबांनी हे कधी चालवलं नाही.

किमतीचं बोलायचं तर अमेरिकेत याची उत्तम उलाढाल आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटननं जुना माल काढला, तो जहाजं भरून तिकडे गेला आणि मातीमोल विकला गेला. .४५५ची काडतुसं तिकडे मिळेनात, म्हणून विक्रेत्यांनी सिलिंडरची मागची बाजू कातून त्यात अमेरिकन .४५चं काडतूस बसेल असं केलं. त्या काडतुसाचा दाब या जुन्या पोलादाला झेपणारा नाही, म्हणून धोक्याचं तर झालंच, आणि लाखो तासांचं कारागिरीचं काम कायमचं बिघडलं. आता तिकडच्या संग्राहकाचा पहिला प्रश्न हाच असतो, सिलिंडर कातलेला आहे का? दुसरा, फ्रेम, नळी आणि सिलिंडर यांच्यावरचे आकडे एकच आहेत का? तिसरा, मूळ झाक किती उरली? या तिन्ही प्रश्नांची उत्तरं बरी असली तर हजार-दीड हजार डॉलर मिळतात. आमच्या नगाची पहिली दोन उत्तरं चोख आहेत. तिसरं मध्यम.

त्यापुढचा प्रश्न कागदांचा, आणि तो बाकीच्यांना मागे टाकतो. २०२१ साली बॉनहॅम्सच्या लिलावात एक कोल्ट रिव्हॉल्व्हर साठ लाख डॉलरांहून जास्त किमतीला गेलं. त्या जातीची कोल्टं पुष्कळ आहेत. पण पॅट गॅरेट या शेरीफनं १८८१ साली बिली द किड या दरोडेखोराला मारलं ते नेमकं हेच, हे सिद्ध करणारे कागद त्याच्याबरोबर होते. पोलादाची किंमत त्या रकमेत नगण्य होती. एका दरोडेखोराच्या मरणाला एवढं मोल यावं हे मला रुचत नाही. पण नियम मला मान्य आहे: जे हत्यार आपली हकीकत पुराव्यासकट सांगू शकतं ते वेगळं, बाकी सगळं लोखंड.

आपल्याकडे हा बाजार नाही. ज्या रिव्हॉल्व्हरात .३८० किंवा .४५५ची काडतुसं बसतात ती सगळी बंदीच्या यादीत आहेत, कारण एके काळी ती लष्कराची काडतुसं होती. ब्रिटिश सैन्यानं १९३२ साली .३८चं एनफिल्ड घेतलं, .४५५ मागे पडलं, आज ते कुठल्याच फौजेत नाही, तरी यादीत आहे. म्हणून ते प्रत्यक्षात वारसानंच मिळतं. परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा हत्यार पंचवीस वर्षं त्याच्याकडे राहिलं की हयातीतच वारसाच्या नावावर करता येतं. त्या वाटेनं आम्ही गेलो. भावाचं ना हरकत प्रतिज्ञापत्र, पोलीस चौकशी, जिल्ह्याहून राज्याकडे, तिथून दिल्लीला. चौकशीला आलेल्या साहेबांनी अण्णांना दोनदा विचारलं, "मुलाच्या नावावर नाही का करायचं?" अण्णा म्हणाले, "ती सांभाळते."

या कडकपणाबद्दल मला तक्रार करावीशी वाटत नाही. ज्या देशात हे रिव्हॉल्व्हर जन्मलं तिथेही १९९६च्या डनब्लेनच्या शाळेतल्या हत्याकांडानंतर, १९९७ साली, जवळजवळ सगळी पिस्तुलं आणि रिव्हॉल्व्हर लोकांकडून काढून घेतली. १९१९च्या आधीच्या ऐतिहासिक नगांना खास अटींवर सूट मिळाली, आणि त्यांतली काही तर मालकाच्या घरीसुद्धा नसतात, बिस्लीसारख्या ठरवून दिलेल्या ठिकाणी ठेवावी लागतात. मुलांच्या जिवापुढे संग्रहाची हौस दुय्यम ठरली, आणि ते बरोबरच झालं.

पुढे काय, याचा विचार आता करावा लागतो. मला मूल नाही. भावाची मुलगी परदेशी शिकते आणि तिला हे नको आहे, तसं तिनं स्वच्छ सांगितलं. भावाचं मत असं की निकामी करून, नळी बुजवून, भिंतीवर लावावं. मी त्याला तयार नाही. सिलिंडर कातणाऱ्यांनी जे केलं तेच आपण वेगळ्या कारणासाठी करायचं, असं ते होईल. माझा कल एखाद्या सरकारी संग्रहालयाकडे आहे, कुलपात, काचेमागे, आमच्या कागदांसकट. त्यासाठी मी एक फाइल केली आहे. वहीच्या त्या पानाचा फोटो, १९२०च्या दशकापासूनची लायसनं, प्रत्येक नूतनीकरणाचे शिक्के, ठाण्याच्या पोचपावत्या, सगळ्या खुणांचे जवळून काढलेले फोटो, आणि त्या तांबूस डागाचाही, तारखेसह.

काचेखालच्या पाटीवर काय लिहावं यावरून घरात मतभेद आहेत. भावाला पहिली ओळ पणजोबांच्या नावाची हवी, अमाऱ्याच्या इस्पितळाची हवी. मला आधी माप हवं, आणि ते कुणाला थांबवण्यासाठी ठरलं ते हवं, मग पणजोबा. यावर आम्ही कुठेतरी जुळवून घेऊ. अण्णांना मात्र एकच ओळ हवी आहे: हे रिव्हॉल्व्हर डॉक्टरांनी कधीही चालवलं नाही. ते मी लिहू देणार नाही, आणि त्यांना तसं सांगितलं आहे. कदाचित त्यांच्या आधी ते दुसऱ्या कुणाच्या कमरेला असेल, कदाचित नसेल. नळीत खड्डे आहेत, आणि ते कुणाच्या हातून पडले हे आमच्या कुठल्याच कागदात नाही.